चप्पल मिलानला गेली, नाव कोल्हापुरातच राहिलं

डिसेंबर आला की सगळेच वर्षाचा हिशोब मांडतात, कुणी पिक्चरचा, कुणी क्रिकेटचा, मी कपड्यांचा मांडते. ही सवय आईची. आई इचलकरंजीला घरीच ब्लाऊज शिवायची आणि कुणाचा भारीतला कपडा हातात आला की आधी तो उलटा करायची. आतली शिलाई कशी आहे, माया किती सोडलीय, अस्तर हाताने लावलंय का मशीनवर मारलंय, हे सगळं बघून झालं की मग पुढून कसा दिसतो ते बघायची. टीव्हीवर एखादी नटी झकपक दिसली तरी तिचा प्रश्न ठरलेला, "शिवलाय कुणी गं तो?" आणि आमच्यापैकी कुणाकडेच त्याचं उत्तर नसायचं, कारण ते कुणी सांगतच नाही, नटीचं नाव सांगतात, फार तर डिझायनरचं सांगतात आणि विषय तिथं संपतो.

२०२५ मध्ये आईचा हा प्रश्न आख्ख्या महाराष्ट्राने विचारला, तोही कोल्हापुरी चपलेवरून. म्हणून हे वर्ष मला वेगळं वाटतं आणि म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

पण आधी मे महिना. ५ मे ला न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये मेट गाला, म्हणजे फॅशनवाल्यांचा दरवर्षीचा मोठा सोहळा, झाला आणि शाहरुख पहिल्यांदा तिथं गेला, सब्यसाचीचा काळा लांब कोट, गळ्यात मोठ्ठं के अक्षर, हातात वाघाच्या तोंडाची काठी. दिलजीत दोसांझ पांढऱ्या शेरवानीत, तुरा लावलेली पगडी आणि पाठीवरच्या झग्यावर गुरुमुखी अक्षरं भरलेली. कियारा अडवाणी पोट दिसेल अशी, होणाऱ्या बाळासकट. आपल्याकडे दोन दिवस एवढंच चाललं होतं की शाहरुखला तिथल्या पत्रकारांनी ओळखलं कसं नाही. मला मात्र वाईट याचं वाटलं की त्या रात्रीचा विषय काय होता हे आपल्याकडे जवळजवळ कुणी सांगितलंच नाही. विषय होता काळ्या माणसांचं शिवलेल्या सुटाशी असलेलं नातं. ज्यांना गुलाम म्हणून आणलं, मालक देईल ते अंगावर घालायला लावलं, त्या माणसांनी पुढे आपल्या मापाचा, कडक इस्त्रीचा सूट शिवून घेणं म्हणजे काय, यावर तिथं प्रदर्शनच भरवलं होतं, मोनिका मिलर नावाच्या प्राध्यापक बाईंच्या अभ्यासावर उभं केलेलं.

हे ऐकल्यावर मराठी माणसाला दुसरं काय आठवणार? बाबासाहेबांचा निळा सूट. गावोगावच्या पुतळ्यांवर आपण तो इतका बघतो की त्यातला अर्थ डोळ्याआड होतो. ज्या जातींनी काय नेसायचं, लुगडं कुठपर्यंत ठेवायचं, कुठले दागिने घालायचे हे गाव ठरवायचं, त्यातला माणूस थ्री-पीस सूट घालून उभा राहतो. आणि ते नुसतं स्वतःपुरतं नव्हतं, डिसेंबर १९२७ ला महाडच्या परिषदेत त्यांनी बायकांना वेगळं बसवून सांगितलं होतं की तुमची लुगडं नेसायची पद्धत आणि हे गळाभर, हातभर दागिने म्हणजे तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका. कपडा हा राजकारणाचा विषय आहे हे आपल्याला न्यूयॉर्कने शिकवायची गरज नव्हती, आपल्याकडे ते शंभर वर्षांपूर्वी बोलून झालंय. त्या रात्रीच्या निमित्ताने एका तरी मराठी चॅनलने निळ्या सुटावर अर्धा तास बोलायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

त्याच महिन्यात फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलला ऐश्वर्या राय हस्तिदंती रंगाची बनारसी नेसून, भांगात कुंकू भरून आली. मनीष मल्होत्राचं काम, कडवा विणीची हातमागाची साडी. कडवा म्हणजे प्रत्येक बुट्टी वेगळी विणायची, मागच्या बाजूला लोंबणारे धागे नाहीत, कापाकापी नाही, म्हणून आई असती तर तिने ती साडी नक्की उलटी करून बघितली असती. चर्चा सगळी कुंकवाची झाली, विणकर त्यात कुठंच नव्हता.

आता जून. या एका आठवड्यासाठी मी २०२५ लक्षात ठेवीन.

२२ जूनला मिलानला प्राडा या इटलीच्या बड्या फॅशन कंपनीचा पुरुषांचा शो झाला. पोरं चालत आली आणि त्यांच्या पायात अंगठ्याची चामडी चप्पल, जी बघून कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही शाळकरी पोराने सांगितलं असतं की ही काय आहे. प्राडाने मात्र नुसतं लेदर सँडल एवढंच म्हटलं होतं. कोल्हापूर नाही, महाराष्ट्र नाही, भारत नाही. दोनच दिवसांनी, २४ तारखेला, पॅरिसला लुई व्हिटॉन या फ्रेंच कंपनीचा शो, त्यांचे पुरुषांच्या कपड्यांचे डिझायनर फॅरेल विल्यम्स यांचा. तिथं जमिनीवर भलामोठा सापशिडीचा पट, तो मांडला होता स्टुडिओ मुंबईचे वास्तुविशारद बिजॉय जैन यांनी, आणि आमचं हे कलेक्शन भारतावरून सुचलंय असं सरळ सांगितलेलं. सापशिडी म्हणजे ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जाणारा आपला मोक्षपट, तो पॅरिसमध्ये अंथरलेला बघून मला खरंच भरून आलं. परत तीनच दिवसांनी डिऑर या दुसऱ्या फ्रेंच कंपनीचा शो, त्यात एका कोटावर मुकैशचं काम, म्हणजे चपट्या धातूची तार कापडातून ओवून, दाबून बारीक बारीक टिकल्या करायच्या, लखनौच्या बोटांचं काम. तिथं परत नाव नाही. आणि हे तेच डिऑर ज्यांनी ३० मार्च २०२३ ला मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला होता आणि तेव्हा मुंबईच्या चाणक्य या भरतकामाच्या घराला, तिथं शिकणाऱ्या बायकांना उघडपणे श्रेय दिलं होतं.

म्हणजे नाव घेता येतं. घेतल्याने कोटाची किंमत कमी होत नाही, शोची शान जात नाही. मग कुणी घेतं आणि कुणी घेत नाही, असं का?

मी बरेच दिवस समजत होते की हा उद्धटपणा आहे किंवा अडाणीपणा आहे. आता मला तसं वाटत नाही. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार जिल्हे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. हे मानांकन राखतं नावाला. या आठ जिल्ह्यांच्या बाहेर बनवलेल्या चपलेला तुम्ही कोल्हापुरी म्हणून विकू शकत नाही, एवढा त्याचा अर्थ. चपलेचा आकार, अंगठा, कान, पट्टा हे कुणी उचललं आणि नाव मात्र घेतलंच नाही, तर या कायद्याच्या हातात फारसं काही उरत नाही, शिवाय तो आपल्या देशातला कायदा, इटलीत त्याला कोण विचारतो. बघा म्हणजे, सन्मानाने नाव घेतलं असतं तर प्रश्न आले असते, परवानगी आली असती, वाटा मागितला गेला असता. गप्प राहिलं की काहीच नाही. गप्प राहणं हाच सगळ्यात सोपा, सगळ्यात स्वस्त रस्ता होता, आणि जोवर तो स्वस्त आहे तोवर उद्या दुसरं कुणीतरी त्याच रस्त्याने जाणार. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली ती फेटाळली गेली, कोर्टाचं म्हणणं असं की मानांकनाची ज्यांच्या नावावर नोंद आहे त्यांनी यावं, तुम्ही कोण. कायद्याने ते बरोबर असेल. पण त्यातनं एक गोष्ट स्पष्ट झाली की हा प्रश्न कोर्टात सुटणारा नव्हता.

सुटला तो लोकांच्या ओरडण्याने. लोकांनी फोनवर दोन फोटो शेजारी शेजारी लावले, मिलानचा आणि आपल्या दारातला, आणि पाठवत सुटले. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स या व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या वतीने ललित गांधींनी पत्र लिहिलं, प्राडाकडून लॉरेन्झो बर्टेली यांचं उत्तर आलं की होय, ही चप्पल भारतातल्या पारंपरिक हस्तकलेवरून सुचलेली आहे. जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांच्या घरी बसली. आणि डिसेंबरमध्ये मुंबईत करार झाला, आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकार या दोघांबरोबर. ठरलं ते असं, दोन हजार जोड महाराष्ट्रात आणि कर्नाटकात बनवायचे, एका जोडाची किंमत आठशे युरोच्या आसपास, फेब्रुवारी २०२६ पासून जगातल्या चाळीस दुकानांत विकायचे, कारागिरांना प्रशिक्षण, आणि प्रकल्पाच्या नावातच कोल्हापुरी चप्पल हे शब्द.

जे लोक म्हणत होते की ऑनलाइन आरडाओरड करून काय होतं, त्यांनी हे जरा शांतपणे बघावं. सहा महिन्यांपूर्वी ज्या चपलेला गावच नव्हतं तिला गाव मिळालं. मला याचा आनंद आहे आणि तो मी लपवणार नाही.

पण आनंदाबरोबर हिशोबही व्हायला पाहिजे. दोन हजार जोड गुणिले आठशे युरो म्हणजे सोळा लाख युरो, आपले सोळा-सतरा कोटी रुपये. यातले चपलेवरची कातड्याची वेणी घालणाऱ्या बाईच्या हातात किती पडणार? हा आकडा जोडामागे, रुपयात, जाहीर झाला पाहिजे. महामंडळ सरकारी आहे, तिथं सार्वजनिक पैसा आहे, तेव्हा हे गुपित असायचं काही कारण नाही. नाव मिळालं आणि दर तोच राहिला तर आपण जिंकलो ते फक्त फोटोपुरतं.

कारण दर म्हणजे काय ते तिथं गेल्यावर कळतं. नोव्हेंबरात मी कोल्हापूरला गेले होते तेव्हा मुद्दाम सुभाषनगरकडे एका घरी गेले, लहानपणी आजोबा जिथनं पायताण करून घ्यायचे त्यांच्याच भावकीतले लोक. एकच खोली आणि पुढे पडवी. पडवीत काका मांडीखाली लाकडी ठोकळा घेऊन बसलेले, हातात रापी, म्हशीचं जाड कातडं तळाच्या मापाने कापत होते. वास उग्र, बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा, त्यात कातडं मुरवतात ना, तो वास कपड्यांना लागतो आणि दोन धुण्यांशिवाय जात नाही. आत उंबऱ्याशी मावशी वेणी घालत होत्या. मी कितीतरी वेळ त्यांच्या हातांकडेच बघत बसले. शेळीच्या मऊ कातड्याच्या दोऱ्यासारख्या पट्ट्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, आणि बोटं अशी चाललेली की नजर ठरत नव्हती, मधनंच पट्टी ओठाने ओली करायची, ताण द्यायचा, परत पुढं. बोलत होत्या माझ्याशी, बघत होत्या रस्त्यावरच्या नातवाकडे आणि वेणी आपली सरळ रेघेत उतरतेय. मी विचारलं, मावशी, याचं वेगळं काय मिळतं? त्या म्हणाल्या, "वेगळं काय ताई, घरातलंच काम की हे."

हे वाक्य ऐकून मला आई आठवली. तिलाही काजं-बटणं, हेम याचे वेगळे पैसे कुणी दिले नाहीत, ते घरातलंच काम.

आणि आपण गिऱ्हाईक म्हणून कसे वागतो तेही बोलायला पाहिजे. कोल्हापूरच्या चपलांच्या बाजारात, चप्पल लाईनला गेलो की हजार म्हटल्यावर पाचशेला दे म्हणणारे आपणच, मीसुद्धा वर्षानुवर्षं हेच केलंय आणि त्याची मला आता लाज वाटते. मॉलमध्ये लेबलवरच्या किमतीला आपण एक अक्षर बोलत नाही, मान खाली घालून कार्ड पुढं करतो. आठशे युरो ऐकून आपल्याला राग आला तो बरोबरच होता, पण त्या रागातला थोडा आपल्या घासाघिशीवरही काढला असता तर बरं झालं असतं.

दुसरं म्हणजे नकली माल. तीन वर्षांमागे मी पुण्यात एका चकचकीत दुकानातनं 'ओरिजिनल कोल्हापुरी' घेतली, अठराशे रुपये मोजून. पहिल्या पावसात तळ उकलला आणि आतनं ओला पुठ्ठा बाहेर आला, वरचं सगळं रेक्झिन. दुकानदार म्हणाला पावसात घालायची नसतेच. आता यात गंमत बघण्यासारखं काही नाही, हा सरळ गुन्हा आहे, कारण जीआय ज्या नावाला राखतं ते नाव इथं धडधडीत वापरलंय. परदेशी कंपनीने आकार घेतला आणि नाव टाळलं, तिथं आपला कायदा पोचत नव्हता. इथं नाव घेतात आणि पुठ्ठा विकतात, जिथं कायदा पोचतो, आणि तिथं मात्र कुणी जात नाही. महामंडळाने चपलेवर क्यूआर कोड द्यायचं ठरवलंय, स्कॅन केलं की कुठं बनली, कुणी बनवली कळेल, ही चांगली गोष्ट आहे. पण नुसता कोड चिकटवून काय, बाजारात फिरून रेक्झिनवाल्यांना दंड कोण करणार?

आणि एक गोष्ट जी या सहा महिन्यांच्या अभिमानात कुणाला बोलायची नव्हती. 'आपली' कोल्हापुरी, 'आपली' अस्मिता हे सगळे म्हणत होते. कातडं कमावणारे ढोर, चप्पल बांधणारे चांभार, ही कामं ज्यांच्याकडे होती त्यांना कातड्याला हात लावतात म्हणूनच गावाबाहेर ठेवलं गेलं. शाहू महाराजांनी या धंद्याला हात दिला ही कोल्हापूरची पुण्याई, पण बाकीच्यांनी काय केलं? ज्या समाजाच्या नावाचा आजही शिवी म्हणून वापर होतो त्यांच्या हातची वस्तू एकदम सगळ्यांची अस्मिता होते, तेव्हा निदान त्यांना बोलू तरी द्यावं. टीव्हीवरच्या चर्चांमध्ये पुढारी होते, व्यापारी होते, डिझायनर होते. रापी धरणारा माणूस मला क्वचित दिसला, वेणी घालणारी बाई तर एकदाही दिसली नाही. कातड्याचं काय चाललंय हेही त्यांनीच सांगितलं असतं. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैलाचं कातडं मिळणं अवघड झालं, सगळी भिस्त म्हशीवर आली, आणि कातडं घेऊन निघालेली गाडी कुणी अडवेल ही भीती वेगळीच. हे ज्याने सोसलं त्याच्या तोंडून ऐकायला हवं होतं.

सप्टेंबरात इटलीचे फॅशन डिझायनर जॉर्जिओ अरमानी गेले, ९१ वर्षांचे होते. पुरुषांच्या कोटातलं कडक अस्तर, खांद्याची भर काढून त्यांनी कोट शर्टासारखा हलका केला, आणि तो कसा केला हे कळायला कोट आतून बघावा लागतो, पुढून बघून कळत नाही. लबुबू नावाच्या दातवाल्या बाहुल्या पर्सला लटकवायचं वेडही याच वर्षातलं, त्यावर माझ्याकडे बोलायला काही नाही.

सुभाषनगरच्या त्या पडवीत मी माझ्यासाठी एक जोड सांगितला. काकांनी पेपरचं पान अंथरलं, त्यावर माझा पाय ठेवायला लावला आणि पेन्सिलीने कडेकडेने रेघ मारली, अंगठ्यापाशी जरा थांबून बोटाची जाडी दोऱ्याने मापली. कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'पुण्याच्या ताई, कापशी, गोंडा नको'. कापशी हा कोल्हापुरीचाच एक प्रकार. मी म्हटलं, काका, माझं नाव लिहिलंत, चपलेवर तुमचं पण नाव टाका ना. ते रापी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाव टाकलं तर दुकानदार माल घ्यायचा न्हाई ताई. नाव वाचून गिऱ्हाईक सरळ हितंच येईल, मग त्येनं काय करायचं?"

म्हणजे मिलानला जे कारण, तेच हाकेच्या अंतरावरच्या बाजारातही. नाव झाकलेलं असलं की मधल्या माणसाचा दर सुरक्षित राहतो, मग तो दर युरोत असो नाहीतर रुपयात. क्यूआर कोडला उद्या विरोध झालाच तर तो इथनंच होईल, आणि तेव्हा सरकारने कुणाच्या बाजूने उभं राहायचं हे आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं.

मावशींचे हात चालूच होते. वर न बघता त्या म्हणाल्या, "ही कुठं दुकानात जायची हाय? टाका की."

वीस दिवसांनी जोड घ्यायला गेले. काकांनी दोन्ही चपला हातात दिल्या, कडक, तेलाचा हात फिरवलेला. उजवीच्या टाचेशी आरीने दोन अक्षरं टोचलेली होती, त्यांची. डावी उलटी केली, तिथंही दोन होती. ती मावशींची.